वाचक विचारतात : पहिले मत पडण्याआधीच संपलेली उमेदवारी

मागच्या अंकात आयोवाचे तेव्हाचे गव्हर्नर टॉम व्हिलसॅक यांच्यावर एक छोटे टिपण होते. 30 नोव्हेंबर 2006 रोजी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीवर दावा सांगितला आणि 23 फेब्रुवारी 2007 रोजी तो सोडून दिला. आयोवातच होणार असलेल्या पहिल्या मतदानाला तेव्हा दहा महिन्यांहून जास्त अवकाश होता. या टिपणावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. सारख्या शंकांची पत्रे एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत.

मतदानच झाले नाही, तर 85 दिवसांत माणूस हरतो कसा? की आतून काही वेगळेच घडले होते? (नौपाडा, ठाणे)

वेगळे काही शोधायला नको. बाहेर पडताना व्हिलसॅक यांनी पैसा हे एकच कारण सांगितले होते, आणि हिशेब मांडून पाहिला की ते पटते.

2007-08 च्या निवडणुकीत एका व्यक्तीला एका उमेदवाराला पक्षांतर्गत फेरीसाठी जास्तीत जास्त 2,300 डॉलर देता येत होते. एक कोटी डॉलर उभे करायचे तर पुरेपूर मर्यादेइतके देणारे जवळजवळ 4,350 लोक लागतात. आयोवाच्या राज्य पातळीवरच्या निवडणुकीत व्यक्तीच्या देणगीला अशी मर्यादाच नाही. त्यामुळे गव्हर्नरकीच्या वेळी ज्यांनी मोठे चेक फाडले, त्यांचेही हात राष्ट्रीय लढतीत 2,300 वर बांधले गेले. राज्यही लहान. आयोवाची लोकसंख्या तेव्हा 30 लाखांच्या घरात होती, म्हणजे 2011 च्या जनगणनेत ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांची मिळून जेवढी भरली साधारण तेवढीच.

यात आणखी एक फरक आहे आणि आमच्या मते तोच निर्णायक. सिनेटरने आपल्या सिनेट निवडणुकीसाठी जमवलेल्यातले उरलेले पैसे राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचार समितीकडे वळवता येतात, कारण दोन्ही खाती केंद्रीय कायद्याखाली येतात. हिलरी क्लिंटन यांनी असे सुमारे एक कोटी डॉलर वळवले. गव्हर्नरचे खाते राज्याच्या कायद्याखाली चालते आणि त्यातला एक डॉलरही केंद्रीय लढतीत आणता येत नाही. व्हिलसॅक यांनी आठ वर्षे राज्य चालवले, पण या खात्यात त्यांची सुरुवात शून्यापासूनच झाली.

आता तारखा पाहा. जॉन एडवर्ड्स 28 डिसेंबरला उतरले, क्लिंटन 20 जानेवारीला, बराक ओबामा 10 फेब्रुवारीला. आयोवातल्या जनमत चाचण्यांतसुद्धा एडवर्ड्स आणि क्लिंटन व्हिलसॅक यांच्या पुढे होते. जो देणगीदार एरवी शेजारच्या गव्हर्नरला हो म्हणाला असता, तो आता थांबून पाहू लागला. 31 मार्चला तिमाही संपणार होती आणि 15 एप्रिलपर्यंत हिशेब जाहीर करावे लागणार होते. त्या तिमाहीत क्लिंटन आणि ओबामा या दोघांनीही अडीच कोटी डॉलरच्या वर रक्कम जमवली. त्या आकड्यांशेजारी स्वतःचा आकडा छापून आल्यावर पुढची देणगी मिळत नाही. पगाराचे आणखी दोन महिने अंगावर घेण्यापेक्षा फेब्रुवारीतच थांबण्यात शहाणपण होते.

स्वतःचे राज्य पहिल्या क्रमांकावर असणे हा लाभ वाटतो, पण अनेकदा तो फसवा ठरतो. 1992 मध्ये आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांनी तिथे 76 टक्के मिळवले. बाकीच्यांनी ते राज्य सोडूनच दिले होते, त्यामुळे त्या विजयाला कुणी मोल दिले नाही आणि 9 मार्चला हार्किन बाहेर होते. घरी जिंकले तर कौतुक नाही आणि घरी हरले तर सगळेच संपले, अशा कात्रीत व्हिलसॅकही सापडले असते.

बातम्यांत ‘चाचपणी समिती’ असा शब्द येतो. ती नेमकी काय असते? (ऐरोली)

उभे राहायचे की नाही हे ठरवण्याआधी जनमत चाचणी, प्रवास, फोन यांवर थोडा खर्च करायची सोय, एवढेच. त्या काळात देणगीची मर्यादा लागू असते, पण हिशेब लगेच दाखल करावा लागत नाही. मात्र ‘मी उमेदवार आहे’ असे म्हटले, जाहिरात केली किंवा पुढच्या प्रचारासाठी पैसा साठवायला सुरुवात केली की ही सवलत संपते. 5,000 डॉलरपेक्षा जास्त जमवले किंवा खर्च केले की माणूस कायद्याने उमेदवार ठरतो. मग 15 दिवसांत उमेदवारीचे निवेदन आणि त्यानंतर 10 दिवसांत मुख्य समितीची नोंदणी करावी लागते. चाचपणीच्या काळातला सगळा जमाखर्च पहिल्या अहवालात दाखवावा लागतो.

इंडियानाचे सिनेटर इव्हान बाय यांनी डिसेंबर 2006 मध्ये अशी समिती काढली आणि त्याच महिन्यात गुंडाळली. आमच्या मते चाचपणीचा तो अगदी योग्य वापर होता. उत्तर ‘नाही’ असे आले, आणि ते वेळेवर आले.

मुलगा एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. एका उमेदवाराला 25 डॉलर द्यावेत असे त्याच्या मनात आहे. आम्ही दोघे उन्हाळ्यात तिकडे जाणार आहोत, तेव्हा आम्ही दिले तर चालेल का? (कोपरखैरणे)

नाही. चिरंजीवांना चालणार नाही आणि तुम्हालाही नाही. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच देणगी देता येते. एच-वन-बी, विद्यार्थी व्हिसा, पर्यटक व्हिसा यांवरच्या माणसाला एक डॉलरही देता येत नाही, आणि ही बंदी केंद्रीय, राज्य, स्थानिक अशा सगळ्याच निवडणुकांना लागू आहे. देणगीच्या पानावर ‘मी नागरिक किंवा कायम रहिवासी आहे’ अशी चौकट असते. रक्कम छोटी म्हणून ती टिचकी मारून पुढे जाऊ नका. व्हिसाच्या आणि पुढे ग्रीन कार्डच्या कागदपत्रांवर आपण खरे सांगतो अशी सही करावी लागते, तिथे असली खोटी नोंद मागे असणे कुणालाच परवडणारे नाही.

लोक जिथे नकळत चुकतात त्या जागाही सांगतो. प्रचाराच्या दुकानातून टी-शर्ट किंवा कॉफीचा मग विकत घेतला तर त्याची पूर्ण किंमत देणगी धरली जाते. तिकीट लावलेल्या जेवणाचेही तसेच. सून नागरिक असेल तर ती स्वतःच्या पैशांतून देऊ शकते, पण सासऱ्यांनी इथून पैसे पाठवायचे आणि तिने ते आपल्या नावावर भरायचे, हा दुसऱ्याच्या नावाने देणगी देण्याचा गुन्हा होतो. तिकडे जन्मलेल्या, 18 वर्षांखालच्या नातवंडालाही देता येते. अट अशी की निर्णय त्याचा स्वतःचा हवा, पैसे त्याचे स्वतःचे हवेत आणि ते याच कामासाठी कुणी हातावर ठेवलेले नसावेत.

जे चालते ते असे. फुकट सभेला जाता येते. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून पत्रके वाटता येतात, पाकिटे भरता येतात. पैसा कुठे खर्च करायचा अशा निर्णयांत मात्र भाग घेता येत नाही. ग्रीन कार्ड हाती आल्यावर 2025-26 च्या चक्रात एका उमेदवाराला दर फेरीला 3,500 डॉलरपर्यंत देता येतात; रोख मात्र एकूण 100 डॉलरच्या पुढे नाही.

विस्कॉन्सिनचे तेव्हाचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्यामागे कोट्यवधी डॉलरचे ‘सुपर पॅक’ होते. तरी ते 2015 मध्ये 70 दिवसांत बाहेर पडले. मग एवढा पैसा गेला कुठे? (खारघर)

पैसा होता, पण चुकीच्या खिशात होता. सुपर पॅक म्हणजे उमेदवारापासून वेगळी असलेली प्रचार संस्था. तिला अमर्याद देणगी घेता येते, पण तो पैसा उमेदवाराच्या हातात जात नाही आणि तो कसा खर्चायचा हे उमेदवाराशी बोलून ठरवताही येत नाही. कार्यालयाचे भाडे, कर्मचाऱ्यांचे पगार, उमेदवाराचा विमानप्रवास, राज्याराज्यांत नाव नोंदवायची फी, वकिलांचे बिल, हे सगळे उमेदवाराच्या समितीच्या स्वतःच्या खात्यातून जाते. त्या खात्यात 2015-16 मध्ये एका व्यक्तीकडून 2,700 डॉलरच येऊ शकत होते.

वॉकर 13 जुलैला उतरले आणि 21 सप्टेंबरला थांबले. त्या तिमाहीत त्यांनी सुमारे 74 लाख डॉलर जमवले, म्हणजे आकडा वाईट नव्हता. बिघडली ती खर्चाची गती. विजेत्याला शोभेल एवढी माणसे पहिल्याच महिन्यात नेमली गेली होती, त्यामुळे खर्च रोजचा 90,000 डॉलरच्या आसपास पडला. 6 ऑगस्ट आणि 16 सप्टेंबरच्या टीव्हीवरच्या वादसभांत ते झाकले गेले, 20 सप्टेंबरला आलेल्या सीएनएनच्या चाचणीत त्यांना अर्धा टक्काही नव्हता. चाचणी घसरली की लहान देणग्या लगेच आटतात, पगार मात्र महिनाअखेरीला ठरल्याप्रमाणे द्यावेच लागतात. बाहेर पडले तेव्हा डोक्यावर कर्ज होते.

टीव्ही जाहिरातींतही सुपर पॅकचा डॉलर तोकडा पडतो. प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांतर्गत मतदानाच्या, आधीच्या 45 दिवसांत वाहिन्यांनी उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीला सर्वांत कमी दर लावायचा असा कायदा आहे. सुपर पॅकला तो लाभ नाही, त्यांना बाजारभाव मोजावा लागतो. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये शेवटच्या आठवड्यांत हा फरक फार मोठा होतो.

मतपत्रिकेवर नाव आणायला तिकडे सह्या लागतात म्हणे. आपल्याकडे तर पक्षाचा एबी फॉर्म आला की काम झाले. सह्यांवरून एखादा मोठा नेता खरोखर अडकला आहे का? (सीबीडी बेलापूर)

अडकले आहेत, आणि एकाच वेळी दोघे. 2012 च्या रिपब्लिकन लढतीत व्हर्जिनियाने 10,000 मतदारांच्या सह्या मागितल्या होत्या आणि त्यात राज्याच्या 11 संसदीय मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान 400 हव्या होत्या. मुदत 22 डिसेंबर 2011. माजी सभापती न्यूट गिंग्रिच आणि टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी या दोघांनीही 11,000 च्या वर सह्या दिल्याचे सांगितले. छाननीत दोघेही 10,000 च्या खाली आले. मतपत्रिकेवर मिट रोमनी आणि रॉन पॉल ही दोनच नावे उरली. गिंग्रिच तेव्हा राहायला व्हर्जिनियातच होते, तरी तिथल्या मतपत्रिकेवर त्यांचे नाव नव्हते.

सह्या कशा गळतात हे समजण्यासाठी तो कागद डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत मतदाराची सही, सुवाच्य नाव, राहता पत्ता आणि तारीख. मागच्या बाजूला सह्या गोळा करणाऱ्याचे शपथपत्र आणि त्यावर नोटरीचा शिक्का. शॉपिंग मॉलबाहेर उभे राहून सह्या घेतल्या की पाचांतला एखादा मतदार म्हणून नोंदलेलाच नसतो, कुणी नोंदलेला असतो पण जुन्या पत्त्यावर, कुणी आठवड्यापूर्वीच दुसऱ्या कागदावर सही केलेली असते. एका मतदारसंघाच्या कागदावर शेजारच्या मतदारसंघाचा माणूस सही करून जातो. आणि नोटरीचा शिक्का राहिला तर एक ओळ नव्हे, तो अख्खा कागद बाद होतो. गिंग्रिच यांच्या बाबतीत पगारावर घेतलेल्या एका माणसाने सुमारे 1,500 सह्या खोट्याच भरल्या, असे त्यांनी नंतर सांगितले.

म्हणून मुरलेले लोक मागितलेल्या संख्येच्या दीडपट ते दुप्पट सह्या गोळा करतात आणि भरण्याआधी मतदार यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहतात. रोमनी यांच्या लोकांनी सुमारे 16,000 दिल्या होत्या. 15,000 च्या वर सह्या देणाऱ्याची तपासणी करायची नाही असे त्या वर्षी पक्षानेच ठरवले होते. पेरी कोर्टात गेले. सह्या गोळा करणारा राज्याचाच रहिवासी हवा ही अट टिकणारी नाही असे न्यायाधीशांचेही मत पडले, पण तक्रार घेऊन यायला फार उशीर झाला म्हणून दाद मिळाली नाही. अट जाचक वाटत असेल तर अर्ज भरण्याआधीच कोर्टात जायला हवे होते. नाकारले गेल्यावर नव्हे.

प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये 1,000 डॉलर आणि एक अर्ज पुरतो. दक्षिण कॅरोलिनात रिपब्लिकन पक्षाने 2016 साठी 40,000 डॉलर फी घेतली. इंडियानात नऊ संसदीय मतदारसंघांतून प्रत्येकी 500, अशा 4,500 सह्या लागतात. या मुदती बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. मतदान जानेवारीत सुरू होते म्हणून ऑक्टोबरपर्यंत सावकाश चालणारा उमेदवार इथे घसरतो, आणि त्याची बातमीसुद्धा होत नाही.

टीव्हीवरच्या वादसभेत जागा मिळाली नाही म्हणून माघार, हे कारण खरे असते की सबब? (घोडबंदर रोड, ठाणे)

बहुधा खरे असते. 2019 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या दोन फेऱ्यांसाठी दोन वाटा ठेवल्या होत्या: 65,000 देणगीदार आणि त्यातले किमान 20 राज्यांत प्रत्येकी 200, किंवा तीन चाचण्यांत 1 टक्का. सप्टेंबरच्या फेरीला देणगीदार 1,30,000 झाले, चाचणीची अट चार चाचण्यांत 2 टक्के झाली, आणि ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आले. कॅलिफोर्नियाचे एरिक स्वालवेल 8 एप्रिलला उतरून 8 जुलैला थांबले आणि आपली प्रतिनिधिगृहाची जागा पुन्हा लढवायला निघून गेले. जूनच्या मंचावर ते होते. सप्टेंबरच्या मंचाची वाट मात्र बंद झालेली दिसत होती.

2023 मध्ये रिपब्लिकन पक्षाने 23 ऑगस्टच्या मिलवॉकी इथल्या सभेसाठी 40,000 देणगीदार मागितले. मियामीचे महापौर फ्रान्सिस सुआरेझ बसले नाहीत आणि सहा दिवसांनी बाहेर पडले. उत्तर डाकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी 1 डॉलर देणाऱ्याला 20 डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ केले, पहिल्या 50,000 जणांना. सगळी कार्डे वाटली असती तर खर्च 10 लाख डॉलर आणि जमा 50,000. मंच मिळाला. 4 डिसेंबरला उमेदवारी संपली. विकत घेतलेला देणगीदार दुसऱ्यांदा डॉलर देत नाही; त्याचा उपयोग संख्या भरण्यापुरताच.

उलट उदाहरण कमला हॅरिस यांचे. डिसेंबर 2019 च्या सभेत त्यांची जागा पक्की होती, तरी 3 डिसेंबरला त्या थांबल्या, कारण पुढे जायला पैसे नव्हते. त्यामुळे ‘मंच’ आणि ‘पैसा’ या दोन कारणांत निवडायचे झाले तर आम्ही आधी पैशाकडेच बघतो.

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कोण टिकेल, कोण नाही, हे हिशेबाच्या अहवालावरून घरबसल्या कसे ओळखायचे? (राबोडी, ठाणे)

प्रश्न फार आवडला, कारण हे अहवाल सगळ्यांना फुकट पाहता येतात आणि तरी फार कमी लोक उघडतात. अमेरिकेच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराच्या समितीचे नाव टाका आणि ‘फॉर्म 3पी’ उघडा. आतल्या शेकडो पानांत शिरण्याआधी पहिल्या गोषवाऱ्यातल्या ओळी बघा. ओळ 6 सुरुवातीची शिल्लक, 7 एकूण जमा, 9 एकूण खर्च, 10 अखेरची शिल्लक, 12 समितीने देणे असलेली रक्कम.

पहिले काम, 9 ला 7 ने भागा. जमा 40 लाख आणि खर्च 46 लाख असेल तर उत्तर 1.15 येते, म्हणजे घरातले मोडून खाणे चालू आहे. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच्या पुढे गेलेले चालते. मतदानाला सहा महिने असताना हा आकडा एकावर गेला की पगारकपातीची बातमी जवळ आली समजा. दुसरे, 10 मधून 12 वजा करा. शिल्लक 9 लाख दिसते पण देणे 7 लाख असेल तर खरे हातात 2 लाखच आहेत.

तिसरी गोष्ट नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटते. देणगीदार पक्षांतर्गत फेरीसाठी आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगवेगळी मर्यादा वापरू शकतो. काही समित्या दोन्ही रकमा एकदमच घेतात. शिल्लक फुगलेली दिसते, पण दुसऱ्या भागाला उमेदवारी मिळेपर्यंत हात लावता येत नाही, आणि उमेदवारी मिळाली नाही तर तो 60 दिवसांत परत करावा लागतो किंवा देणाऱ्याची लेखी संमती घेऊन दुसरीकडे वळवावा लागतो. परिशिष्ट ‘ए’मध्ये प्रत्येक देणगीपुढे ती कोणत्या फेरीची हे लिहिलेले असते. ती रक्कम काढून टाकल्याशिवाय शिल्लकेवर विश्वास ठेवू नका.

मग 200 डॉलरच्या आतल्या, नावाने न दाखवलेल्या देणग्यांचे प्रमाण पाहा. लहान देणगीदार पुन्हा पुन्हा देऊ शकतो. मर्यादेइतके देऊन बसलेल्याकडे परत जाता येत नाही. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून घातलेले कर्ज परिशिष्ट ‘सी’त सापडेल आणि थकलेली बिले ‘डी’त. छपाईवाला, विमान कंपनी, चाचणी घेणारी संस्था यांची नावे सलग दोन अहवालांत ‘डी’मध्ये दिसली तर त्या उमेदवाराचे दिवस भरत आलेले असतात.

माघार घेतल्यावर कर्ज कोण फेडते? आणि टपालाने आधीच दिलेल्या मतांचे काय? (नेरूळ)

कर्ज समितीचे असते आणि ते मिटेपर्यंत समिती बंद करता येत नाही. म्हणूनच उमेदवार ‘प्रचार स्थगित’ असा शब्द वापरतात. कायद्यात त्याला वेगळा दर्जा नाही. समिती जिवंत ठेवून पैसे मागत राहण्याची ती सोय आहे. अडचण अशी की कर्जफेडीसाठी दिलेला पैसाही त्याच फेरीच्या मर्यादेत मोजला जातो. ज्याने पूर्ण मर्यादा भरली आहे, म्हणजे सर्वांत जवळचा देणगीदार, तोच आता मदत करू शकत नाही. नवीन माणूस शोधायचा, आणि तोही संपलेल्या लढतीसाठी. गिंग्रिच यांच्या समितीवर 2012 नंतर सुमारे 46 लाख डॉलरचे कर्ज वर्षानुवर्षे राहिले. व्हिलसॅक यांनी मार्च 2007 मध्ये क्लिंटन यांना पाठिंबा दिला, आणि त्यांचे कर्ज फेडायला क्लिंटन यांच्या बाजूच्या लोकांनी हातभार लावला. यात सर्वांत जास्त सोसतो तो लहान पुरवठादार. खुर्च्या-मंडप देणाऱ्याचे बिल तडजोडीत अर्ध्यावर मिटते.

टपाली मते बहुतेक ठिकाणी वाया जातात. 2020 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीचे दावेदार पीट बुटिजेज 1 मार्चला आणि एमी क्लोबुचर 2 मार्चला थांबले. 3 मार्चला 14 राज्यांत मतदान होते. कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोत मतपत्रिका आठवडे आधीच घरोघरी गेल्या होत्या. नावे छापलेली होती, मते मोजली गेली, उपयोग शून्य. मिशिगनसारख्या काही राज्यांत आधीची मतपत्रिका रद्द करून नवी मागता येते. टपालाने मत देणारे नातेवाईक तिकडे असतील तर पाकीट मतदानाच्या आठवडाभर आधीपर्यंत घरातच ठेवा असे सांगावे. फार आधी पाठवून काही मिळत नाही.

अशी फसलेली उमेदवारी म्हणजे राजकारणाचा शेवटच ना? (वाशी)

नाही. जो बायडन 9 जून 1987 रोजी उतरले आणि ब्रिटिश नेते नील किनॉक यांच्या भाषणातला भाग श्रेय न देता वापरल्याच्या आरोपांनंतर 23 सप्टेंबरला थांबले. 2008 मध्ये आयोवातूनच परतले. 2020 मध्ये निवडून आले. व्हिलसॅक ओबामांच्या आणि पुढे बायडन यांच्याही मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाले. हॅरिस उपराष्ट्राध्यक्ष झाल्या आणि 21 जुलै 2024 रोजी बायडन थांबल्यावर पक्षाच्या उमेदवार ठरल्या. तेव्हा बायडन यांच्या समितीच्या नावात बदल करून तेच खाते त्यांच्याकडे गेले, कारण त्या नोंदणीवर उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून त्यांचेही नाव होते. 2019 मध्ये पैशांअभावी थांबलेल्या उमेदवाराला 2024 मध्ये जूनअखेरची सुमारे 9.5 कोटी डॉलरची शिल्लक पहिल्याच दिवशी मिळाली.

आपल्याकडे पक्षाचा उमेदवार असा मतदानाने का ठरत नाही? आणि राष्ट्रपतिपदासाठी कुणीही अर्ज करू शकतो का? (पाचपाखाडी, ठाणे)

एकदा प्रयत्न झाला आहे. 2014 च्या लोकसभेसाठी काँग्रेसने 16 मतदारसंघांत पदाधिकाऱ्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात त्यात वर्धा आणि लातूर होते. दोन्ही जागा त्या वर्षी भाजपकडे गेल्या आणि प्रयोग पुढे वाढला नाही. तिकीट देण्याचा अधिकार आपल्याकडे पक्षाने अधिकृत केलेल्या सहीत आहे. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो एबी फॉर्म निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला तरच चिन्ह मिळते. कायदा बदलल्याशिवायही पक्षांना आपली पद्धत बदलता येईल, आणि ती बदलायला हवी असे आमचे स्पष्ट मत आहे. पण अमेरिकेची नक्कल करताना देणगीची मर्यादा आणि उघडे हिशेब सोडून फक्त मतदान उचलले तर तिकीट जास्त पैसेवाल्याकडेच जाईल.

राष्ट्रपतिपदासाठी 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, सगळे मतदार म्हणजे खासदार किंवा आमदारच हवेत, आणि 15,000 रुपये अनामत. 1997 च्या आधी 10 आणि 10, अनामत 2,500 होती. केवळ नाव छापून यावे म्हणून भरलेले अर्ज थांबवायला ती वाढवली. मत फक्त निवडून आलेल्या खासदार-आमदारांना. महाराष्ट्राची 1971 ची लोकसंख्या 5,04,12,235, भागिले 288 आमदार, भागिले 1,000, म्हणजे आमदाराच्या एका मताचे मूल्य 175. ठाणे शहर, ओवळा-माजिवडा, ऐरोली, बेलापूर, कुठलाही मतदारसंघ घ्या, आकडा तोच.